दादांच्या वाटणीची पट्टी

दादांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि सिस्टरांना बजावलं, "रक्त मिळणार नाही."

गेली पंचवीस वर्षं दादांना नसलेले आवाज ऐकू येत. औषधांनी ते दबले, पण वजन वाढलं. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, म्हणून सिस्टर घरी येत होत्या. ही चौथी खेप. आधीच्या तीन वेळा त्या नुसत्या गप्पा मारून गेल्या होत्या. घाई त्यांच्या रक्तातच नव्हती.

"थेंबभर तर हवंय, दादा."

"आधी तुमचं बघा."

सिस्टरांनी मुकाट्याने स्वतःचं बोट टोचलं. साखर ठीक निघाली.

"मशीन तुमचं, ते तुमचीच बाजू घेणार. हिचं बघा."

धाकट्या भावाच्या बायकोने डोळे मिटून बोट पुढे केलं. तिचीही ठीक.

"आता याचं."

धाकटा ऑफिसला निघाला होता. दादांना दवाखान्यात नेणारा तोच, गोळ्या हातावर ठेवणारा तोच आणि पथ्यावर व्याख्यान झोडणाराही तोच. "बघ दादा, यात घाबरण्यासारखं काही नसतं," म्हणत त्याने रुबाबात बोट दिलं.

दोनशे चौऱ्याऐंशी!

"मशीन बिघडलंय," धाकटा म्हणाला.

"माझ्या वेळी तर चांगलं होतं," बायको म्हणाली.

"परत बघा!"

सिस्टर अडखळल्या. डबीत तपासणीची एकच पट्टी उरली होती. "ही दादांसाठी ठेवलीये हो."

"द्या त्याला," दादा म्हणाले.

या वेळी दोनशे एक्याण्णव. धाकटा मटकन खुर्चीत बसला. "खोटं आहे हे. मला काहीही झालेलं नाही."

दादांनी मांडीखालचे हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवले. "पहिली पाच वर्षं मीही हेच म्हणायचो."

पट्ट्या संपल्या, दादांचा थेंब राहिलाच. सिस्टर रिकाम्या डबीसकट परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखाना उघडायला आल्या, तर पायरीवर दोघे भाऊ. एरवी घराबाहेर पडायला आठवडाभर विनवण्या करायला लावणारे दादा धाकट्याचं मनगट घट्ट धरून बसले होते.

"उपाशीपोटी आणलाय," दादांनी सांगितलं. "वाटेत दोनदा पळायला बघत होता."

आत गेल्यावर दादांनी, कुणी न सांगता, स्वतःचं बोट पुढे केलं. थेंब पट्टीवर टेकला तसे ते सिस्टरांकडे वाकून हळूच म्हणाले, "त्याला रागावू नका हं. नवीन आहे तो."