तिरफळाचं चॉकलेट

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर कुणाविषयी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. वाचकांनी पोटात घालावं. पण बापूकाकांचं चॉकलेट खाल्लेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

बापूकाका डोंबिवलीला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे आणि ठाण्याला गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात कामाला जायचे. तिथून विकत आणलेली कडू चॉकलेटची लादी ते रविवारी वितळवायचे, तीत काहीतरी भलतंच घालायचे आणि तूप लावलेल्या ताटात थापायचे. मग वड्या घेऊन दारोदार.

"डोळे मिट. चावायचं नाही. जीभ विचार करतेय, तिला घाई करू नकोस."

डोळे मिटून उभं राहिलं की हळूहळू ओवा सापडायचा. एकदा कोकम सापडलं. एकदा सुका जवळा होता. आईने मोरीकडे धाव घेतली, वडिलांनी शांतपणे भाकरी मागितली.

सगळ्यात वाईट म्हणजे 'छान' म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या घरून काही आलं, तर आमच्याकडे ते तोंडात पडायच्या आधीच छान असतं. बापूकाका त्यावर भडकायचे.

"छान हे काय चवीचं नाव आहे? तुरट, आंबट, खवट, काय ते सांग. कॉलेजात हेच शिकवतात का रे?"

मी घाबरून म्हटलं, "खवट."

"शाबास," ते म्हणाले आणि आणखी एक वडी दिली.

हा खटाटोप कशासाठी, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी माई विषमज्वरातून उठल्या, पण जिभेची चव गेली ती गेलीच. भात, लाडू, लोणचं, सगळं त्यांना ओल्या कागदासारखं लागायचं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बापूकाकांनी पातेलं चढवलं. कुठली तरी चव तिची जीभ जागी करील, असं ते म्हणायचे.

"मग आधी आम्हाला का देता, काका?" मी एकदा विचारलं.

"तिला बाधलं तर?"

आम्हाला बाधलं तर काय, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

शेवटी त्यांनी तिरफळ कुटून घातलं. माई मालवणकडच्या, बांगड्याच्या आमटीत तिरफळ नसलं तर हिरमुसणाऱ्या. माझ्या जिभेला मुंग्या आल्या, तसं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या आनंदात काकांनी मला जेवायलाच बसवून घेतलं.

माईंनी आमटी वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं मीठ होतं. मी बापूकाकांकडे पाहिलं. त्यांनी वाटी तोंडाला लावून संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"कशी झालीय?" माईंनी विचारलं.

"छान," बापूकाका म्हणाले.

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मी परीक्षेसाठी मुंबईला मावशीकडे राहायला गेलो. माईंनी ती वडी खाल्ली का, खाऊन काय झालं, काही कळेना. पेपर लिहिताना तेच डोक्यात. शेवटच्या पेपराला वडील भेटायला आले आणि पेपर कसे गेले हे विचारायच्या आधी म्हणाले, "माईंनी वडी तोंडात धरली आणि म्हणाल्या, अहो, तिरफळ जास्त पडलंय."

"मग काका?"

"काका कसले. माईंनी लगेच उठून सकाळची आमटी चाखून बघितली. तेव्हापासून त्या त्यांच्याशी बोलत नाहीयेत. आणि हे आपले चाळभर पेढे वाटत फिरतायत."

वडिलांनी पिशवीतून एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

"साधेच पेढे आहेत. मी डोळे मिटून खाल्ला."