आधीचा फोटो

भिंतींना रंग लागला, काउंटरला काच बसली, दारावर ‘रखमाबाई पोळी-भाजी केंद्र’ अशी गुलाबी पाटी चढली आणि मग संस्थेच्या अनीशला आठवलं, की आधीचा फोटो काढायचा राहिलाच.

“मावशी, लोचा झाला,” तो म्हणाला. “आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो आजच पाठवायचेत. नाहीतर कणीक मळायचं मशीन विसरा.”

मशीन विसरायला रखमाबाई मुळीच तयार नव्हत्या. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगारांसाठी रोज परातभर कणीक मळून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. छोट्या धंद्यांना हात देणारी ही संस्था दारात आली, तेव्हा बाईंआधी तो खांदाच हरखला होता.

“मग काढ की. अडलंय कुठं?”

“आधीसारखं दिसायला पाहिजे ना. म्हणजे थोडं... गरीब.”

“ते आमाला नको शिकवू,” म्हणत रखमाबाईंनी पदर खोचला.

पाटी उतरली. काचेवर गोणपाट आलं. कोऱ्या भिंतीला तव्याची काजळी फासली जाताना अनीश ‘बास, बास’ म्हणत राहिला, पण बाईंचा हात थांबेना. मागची चूल दारात आणून त्यांनी पेटवलीसुद्धा. गरिबी अगदी झकास जमली, आणि नेमकी तेव्हाच शिफ्ट सुटली.

रंग लागल्यापासून मान खाली घालून पुढे सटकणारे कामगार आज दारात थबकले.

“मावशी, एसी काढला काय?” शंकररावांनी विचारलं.

“एसी होता कधी, मेल्या?”

“काच बघून आमी घाबरलो ना! वाटलं, आता पाणीपण बाटलीतलंच घ्यावं लागंल. वाढा चार पोळ्या.”

बघता बघता झुंबड उडाली. “बाजूला व्हा, गरिबी दिसू द्या!” अनीश ओरडत होता. कोणी हललं नाही, उलट सगळे फोटोसाठी दात काढून उभे राहिले. शेवटी त्याने तसाच फोटो काढला. गर्दी पांगल्यावर दोघांनी दुकान घासूनपुसून चकचकीत केलं आणि नंतरचा फोटो घेतला. त्यात काचेमागे एकट्या रखमाबाई. घाईघाईत अनीशने दोन्ही फोटो पाठवले. कुठला आधीचा, ते लिहायची काय गरज? दिसतंच की!

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या साहेबांचा फोन आला. अनीशने स्पीकर लावला.

“अनीश, ब्रिलियंट! अरे, काय ते ओसाड दुकान होतं! तू त्यात जान आणलीस. चूल, काजळी, गर्दी! आता सगळ्या दुकानांना हेच करायचं.”

रखमाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

“सर, ते... मशीन?”

“छे छे! हाताने मळलेली पोळी हीच तर खरी मजा. मशीन कॅन्सल.”

“सर, पण ते फोटो उलटे...”

फोन कट झाला होता.

रखमाबाईंना आधी रडू आलं, पाठोपाठ सणसणीत राग आला. त्यांनी अनीशच्या हातातला फोन काढून पिठाच्या डब्यावर ठेवला आणि परात त्याच्यापुढे सरकवली.

“हातानंच पायजे ना तुझ्या सायबाला? धू हात.”

“मावशी, मला नाही येत मळता!”

“भिंत काळी करून घ्यायला आलं ना? हे पण येईल.”

त्या दुपारी पोळ्या चामड्यासारख्या निघाल्या. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला रखमाबाईंनी साहेबांचा नंबर दिला.