रंगवलेली काजळी

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये, भर जूनमध्ये स्टिअरिंग हाताला चटके देत असताना, आमचे शेजारी दामलेकाका गॅरेजमध्ये फायरप्लेस करत बसायचे. म्हणजे नुसती प्लायवुडची चौकट. तिच्यावर फुलांच्या माळा, गुबगुबीत देवदूत, सोनेरी नक्षी. सगळं अठराव्या शतकातल्या कुठल्याशा महालातलं, लायब्ररीच्या पुस्तकावर भिंग धरून उतरवलेलं. जाळ केला तर आधी तीच पेटणार.

"पेटवायचीय कशाला? बघायचीय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून रिटायर झालेले हे इंजिनिअर महा तिरसट. पुस्तकातल्या फोटोत टवका उडालेला असेल तर ते टवका रंगवत. काजळीसुद्धा. मी एकदा ती काजळी भाबडेपणाने फडक्याने पुसायला गेलो, तर महिनाभर अबोला.

शेवटची फायरप्लेस लेकीसाठी होती. शालू बॉस्टनला. आई गेल्यानंतरच्या चार वर्षांत ती बापाकडे फिरकली नव्हती. नव्या घराचा हॉल ओकाबोका वाटतो, असं फोनवर बोलून गेली, आणि हा गृहस्थ दीड वर्ष त्यात गुंतला. काजळीत त्यांनी एक लहानसा पंजा काढला. पुस्तकात पंजा नव्हता. त्यांची चूक सापडल्याचा मला कोण आनंद झाला. मी ती दाखवली, तर काका चक्क भिंग पुसायला लागले.

चौकट ट्रकने गेली. तीन आठवड्यांनी, मी काकांच्या गॅरेजमध्ये असताना, शालूचा फोन आला. तिचा आवाज गॅरेजभर ऐकू येत होता.

"बाबा, इट केम सो डर्टी. समबडीज हँडप्रिंट अँड ऑल. डोन्ट वरी, वी पेंटेड इट व्हाइट."

काका म्हणाले, "बरं केलंस. मूव्हर्सचे हात फार घाण असतात गं."

फोन ठेवून ते पाणी प्यायला आत गेले. मी भोचकपणे टेबलाकडे गेलो. भिंगाखाली एक पिवळा पडलेला कागद होता. थँक्सगिव्हिंगला इथे बालवाडीतली पोरं कागदावर हात ठेवून पेन्सिलीने गिरवतात आणि त्याचा टर्की पक्षी करतात, तसला. पंजा ओळखीचा होता. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत नाव होतं, शालू.

मला त्या पोरीचा राग आला, आणि स्वतःचा जास्त.

काका परत आले. कागद फाइलमध्ये ठेवत म्हणाले, "पांढरीही शोभत असेल, नाही?"

मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच वाद घातला नाही.