शेवंतीकाकीचं वाढतं घर

शेवंतीकाकीचं म्हणणं असं, की तिचं घर वाढतंय. मसाल्याच्या डब्यांची फळी वर गेली, देव्हारा वर गेला, आणि कपडे वाळत घालायची दोरी तर आमच्या तोंडवलीच्या माडांशी बरोबरी करायला निघाली. ती दोरी माझ्या नवऱ्याने मुद्दाम उंच बांधली, हा तिचा पक्का आरोप.

"तुज्या घोवान केल्यान ह्या," आमच्या दोन घरांमधल्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडून, त्या बुटक्या कुंपणावरून, ती मला ऐकवायची. "माका शिकव नको."

'माका शिकव नको' हे तिचं ब्रीदच. जन्मभर बाजारात मासे विकलेले, त्यामुळे आवाज असा की किनाऱ्यावरच्या पर्यटकांनाही आमची भांडणं पाठ. मुलगा बोटीवर नोकरीला, घरात ती एकटी. पाठ दुखली की वायो, म्हणजे वात, धरला म्हणायची आणि तेल लावून खांबाला पाठ घासायची. नवी साडी जमिनीवर लोळायला लागली, तर दुकानदार हल्ली जास्त पन्ह्याचं कापड गळ्यात मारतो म्हणून त्याचा उद्धार!

एका सकाळी दोरीवरून एवढी जुंपली, की नवरा आणि मी तिच्या अंगणातच जाऊन उभे राहिलो. दोरी जुन्याच खिळ्याला होती. खिळा गंजून लाकडात रुतलेला. काकी टाचा उंचावून, हात ताणून दाखवत होती, बघा, पोचतो काय हात? मी तिच्या अगदी शेजारी होते, आणि एकदम लक्षात आलं, मला तिचा अंबाडा वरून दिसतोय. लग्न होऊन आले तेव्हा मी जेमतेम तिच्या कानापर्यंत पोचत होते.

"काकी," मी म्हटलं, "दोरी थंयच आसा. तूच बुटकी झालंस."

काकीने मान वर करून आधी खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी तिला कणकवलीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडं आतून ठिसूळ झालेली, पाठीचे मणके दबत गेलेले. ती पाठदुखी, तो बाक, घटलेली उंची, सगळी त्याचीच लक्षणं, आणि हे बरीच वर्षं चाललं असणार, असं ते म्हणाले. औषधांनी पुढची झीज आवरता येईल. पण जड उचलायचं नाही आणि पडायचं तर मुळीच नाही. काकीने तिथल्या तिथे माझ्या नवऱ्याला निर्दोष सोडलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरी सोबत कोण असतं?

मुलाचं सांगेल म्हणून मी वाट बघत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी, माझ्याकडे न बघता, अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "ही असते ना. माझी मुलगी."

डॉक्टर माझ्याकडे वळले आणि कुठली गोळी कधी द्यायची ते समजावू लागले. मी लक्ष देऊन ऐकत राहिले.