आयबारचे अधिकृत प्रथमदर्शन

कराकोलमधल्या एका शाळेचे निवृत्त उपमुख्याध्यापक तालायबेक यांना नातू झाला, तेव्हा त्याला कसे पाहायचे याबाबत त्यांनी रीतसर निर्णय घेतला. मुलगी जिबेक नवऱ्याबरोबर कोरियात इंचॉनला राहत होती आणि मूल तिकडेच जन्मले होते. सामान्य लोकांनी असे मूल फोनवर पाहिले असते. पण घराण्यातला पहिला नातू तळहाताएवढ्या काचेवर पाहणे तालायबेकना मान्य नव्हते. नातू मोठ्या पडद्यावर, टेबलाशी ताठ बसून, अंगात कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी घालून पाहिला जाईल, असे त्यांनी घोषित केले. घोषणा ऐकायला घरात एकटी बायको बुरुल होती. तरी त्यांनी आवाज प्रार्थनेच्या मैदानाला पुरेल एवढा लावला होता.

बुरुलने सगळे ऐकून घेतले. नातू तिने सकाळीच फोनवर पाहून घेतला होता.

"नाव आयबार ठेवलंय," ती म्हणाली. "आणि नाक अगदी तुमच्या..."

"थांब. पाहणी होण्याआधी तपशील फोडायचे नाहीत."

"अहो, नाक आहे ते. परीक्षेचा पेपर नाही."

त्या दिवसापासून घरात नातवाचा रंग, वजन व चेहरेपट्टी यांविषयी बोलण्यास मनाई झाली. प्रथमदर्शनाला भेट द्यावी लागते, म्हणून तालायबेकनी भावाच्या कळपातले एक कोकरूही नातवाच्या नावाने राखून ठेवले.

मोठ्या पडद्यासाठी लॅपटॉप लागणार होता. नवा घेणे हा उधळपट्टीचा प्रकार आहे, असे त्यांनी नोकरीत असताना अनेक परिपत्रकांत लिहिले होते. म्हणून ते बाजारात मिर्लानच्या दुकानी गेले. मिर्लान त्यांचा जुना विद्यार्थी. वर्गात त्याला कधी काही आले नव्हते, त्यामुळे तो आपल्याला फसवू शकणार नाही, असा तालायबेकना विश्वास होता.

"आगाय, हा घ्या," मिर्लान म्हणाला. गुरुजींना तो अजूनही शाळेतल्यासारखा आगायच म्हणे. "वापरलेला आहे, पण ह्यात लॅपटॉप चालवणाऱ्या दोन प्रणाली आहेत. चालू करताना विचारतो, कुठली हवी. एक बिघडली तरी दुसरी आहेच."

"आणि दोन्ही बिघडल्या तर?"

"दोन्ही एकदम कशा बिघडतील, आगाय? एका वेळी चालते एकच."

या उत्तरात कुठेतरी खोट आहे असे तालायबेकना वाटले. पण विद्यार्थ्यासमोर ती सापडेना, म्हणून त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि लॅपटॉप घेतला. घरी येताना भेटेल त्याला त्यांनी सांगितले की, साध्या माणसांना एक प्रणाली पुरते, दोन सांभाळायला डोके लागते.

चालू केल्यावर पडद्यावर दोन नावांची पाटी आली. बुरुलने पहिलीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायला सुरुवात केली. तीच नावे रूढ झाली. थोरलीकडे कॅमेरा होता, आवाज होता, रुबाब होता. पण घरातले वायफाय तिला दिसतच नव्हते. धाकटीला वायफाय शेजाऱ्यांचेसुद्धा दिसे. मात्र आपल्याला कॅमेरा आहे हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. तालायबेक थोरलीत बसले तर जिबेकला फोन लागत नसे आणि धाकटीत बसले तर लागत असे, पण जिबेकला समोर काळोख दिसे. शिवाय धाकटी समोरून आलेले चित्रही चौकोन-चौकोन करून दाखवी. पहिल्या प्रयत्नात त्यांना नातवाच्या जागी काही फिकट फरशा दिसल्या. हे दर्शन त्यांनी ग्राह्य धरले नाही.

त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन केला.

"तुमची तक्रार आमच्या संकेतस्थळावर नोंदवा," तिथली बाई म्हणाली.

"इंटरनेट लागत नाही, हीच तक्रार आहे."

"हो, त्यासाठी वेगळा रकाना आहे."

मग थोरलीच्याच मदत-पानाने खुलासा केला की, वायफाय पकडायला एक छोटा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, बसवावा लागतो आणि तो इंटरनेटवरून मोफत उतरवता येतो. तालायबेकनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. शाळेत असताना आपणही अशीच वाक्ये लिहीत होतो, हे आठवून त्यांना थोडा अभिमान वाटला.

"फोनवर बघून घ्या ना एकदा," बुरुल कणकेचे बोरसोक तळता तळता म्हणाली. "पोर पालथं पडायला लागलं."

"तपशील."

"बरं. कुणीतरी, कुठेतरी, पालथं पडायला लागलंय."

उपाय त्यांचा त्यांनाच सुचला. धाकटीला वायफाय मिळते. तर तिने तो कार्यक्रम उतरवून दोघींच्या सामाईक कप्प्यात ठेवावा आणि थोरलीने तिथून उचलावा. घरात जावांचे जसे चालते तसे. पण धाकटी सामाईक कप्प्यात काही ठेवू शकेना. पुष्कळ वाचन केल्यावर उलगडा झाला. थोरली बंद केली तरी खरोखर बंद होत नव्हती. दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावे म्हणून ती नुसती डोळे मिटून पडत होती आणि कप्प्याची किल्ली उशाखाली ठेवत होती. धाकटीला आत डोकावता येई, काही ठेवता येत नसे.

त्यांनी जाणकारांच्या इंटरनेटवरच्या एका मंडळावर नम्र प्रश्न टाकला. 'हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे' असे उत्तर मिळाले आणि दार बंद झाले. पूर्वी विचारला गेलेला प्रश्न त्यांनी शोधून काढला. त्याखालीही तेच लिहिले होते.

एका भल्या माणसाने मात्र सुचवले की, वायफायचा नाद सोडून सरळ तार जोडावी, काम होईल. तालायबेकनी त्याला कळवले की, काम होणे हा मुद्दा नाही.

इकडे थोरलीने स्वतःहून काही सुधारणा करून घ्यायचे ठरवले. सुधारणा फोनच्या आधाराने झाल्या, म्हणजे बुरुलचा फोन दिवसभर लॅपटॉपला बांधलेला राहिला आणि तिलाही नातू दिसला नाही. फोनच्या उसन्या इंटरनेटवर नातू पाहणे तालायबेकना अर्थातच मान्य नव्हते. सुधारून उठल्यावर थोरलीने पहिले काम केले ते धाकटीचे नाव पाटीवरून पुसण्याचे.

"काढली वाटतं घराबाहेर," बुरुल मागून बघत म्हणाली. "आता तरी एकीशी नीट संसार करा."

पण तालायबेक जिद्दीला पेटले होते. धाकटीला परत घरात घेण्यासाठी त्यांनी जी काही खटपट केली, तिच्यात काही आठवडे थोरलीही गेली आणि लॅपटॉप काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत राहिला. तालायबेक रोज त्या रेघेसमोर कोट घालून बसत. पूर्वी शेजारी त्यांच्याकडे पोरांच्या शिकवणीसाठी येत. आता ते खिडकीतून बघून परत जात. नातू बसायला लागला, त्याला दात आले, तो फोनमधल्या बुरुलला बघून हात नाचवू लागला. बुरुल हे सगळे तपशील गिळत होती आणि स्वयंपाकघरात डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाला लावून हसत होती, कधी डोळे पुसत होती. कोकरू केव्हाच मेंढी झाले होते. भाऊ विचारत होता, दर्शन कधी, की लोकरच पाठवू.

एकदा, बुरुल झोपली आहे असे समजून, तालायबेकनी तिचा फोन उचलला. नातवाचा फोटो एका बोटाच्या अंतरावर होता. त्यांनी फोन पालथा ठेवून दिला. एवढे महिने केलेला उपद्व्याप एका बोटाने निकालात काढायचे धाडस त्यांना झाले नाही.

उन्हाळ्यात जिबेक मुलाला घेऊन स्वतःच माहेरी आली. तोवर दोन्ही प्रणाली पाटीवर परत आल्या होत्या आणि योग असा की, त्याच सकाळी तालायबेकनी थोरलीला खरोखर बंद व्हायला भाग पाडणारी खूण शोधून काढली होती. धाकटीने कप्प्यात कार्यक्रम ठेवला, थोरलीने उचलला, कोपऱ्यात वायफायच्या कमानी उगवल्या. फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ते कोटाची बटणे लावत होते.

"बाबा, बघा कोण आलंय," जिबेक दारातून म्हणाली.

तालायबेकनी डोळ्यांवर हात धरला. "ह्या खोलीत नको आणूस. पलीकडच्या खोलीत जा आणि तिथून फोन लाव."

"बाबा, मी इथे उभी आहे."

"ते दिसतंय मला. म्हणूनच सांगतोय."

जिबेकने आईकडे पाहिले. आईने हात झटकले. शेवटी जिबेक पलीकडे गेली, कारण तीही याच घरात वाढलेली होती.

आणि पडद्यावर आयबार आला. एवढा मोठा, एवढा स्पष्ट, की तालायबेकनी टोपी काढली आणि परत घातली. "नाक," ते अखेर म्हणाले. "बुरुल, नाक बघ."

"पहिल्या दिवसापासून बघते आहे," बुरुल म्हणाली.

पाहुणचाराला जमलेले शेजारी खुर्चीमागे गोळा झाले. सगळे वाहवा करू लागले. किती छान दिसते ते पाहायला जिबेकही फोन उशीला टेकवून, मुलाला गादीवर बसवून या खोलीत आली. थोड्या वेळाने आयबार रडू लागला. आधी भिंतीपलीकडून ऐकू आले, मग लॅपटॉपमधून.

"आवाज जरा उशिरा पोचतोय," तालायबेक म्हणाले आणि दुरुस्त करायला वाकले.

कुणी हलले नाही, एक बुरुल सोडून. क्षणभराने ती पडद्यात शिरली, तिने नातवाला उचलले आणि कॅमेऱ्यात पाहून म्हणाली, "अहो, पोर ओलं झालंय."

"जरा डावीकडे सरक," तालायबेक म्हणाले. "तुझी सावली पडते."

हा सोहळा एका शेजाऱ्याने फोनवर टिपला आणि सगळीकडे पाठवला. तो तुमच्याकडेही आला असेल. पाहताना शेजारच्या खोलीतून कुणी तुम्हाला हाक मारत असेल, तर तुम्ही नक्कीच म्हणाला असाल, थांबा, एवढे बघून येतो.