हेडर बसताना बोलायचं नाही

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत लोक शनिवारी गाड्या धुतात. साठेकाका शनिवारी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बांधतात. मूळ सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या मजकुरापासून, अख्खी. आपण बटण दाबून अपडेट घेतो, ते त्यांना विकतच्या पिठासारखं वाटतं. "घरी दळलेलं ते घरी दळलेलं!"

त्यातही सगळं सोवळं हेडर फायलींचं. कुठल्या कामाला काय नाव आणि त्याला काय द्यावं लागतं, एवढंच सांगणाऱ्या या बारक्या फायली. आधी जुन्या काढायच्या, नव्या बसवायच्या, मग बाकीचं. "एक जरी शिळी राहिली, तर पोट बिघडलंच समज." त्या बसताना स्क्रीनवरून त्यांची नावं धावतात. तेवढी दोन मिनिटं काका कोणाला बोलू देत नाहीत. एकदा सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी नुसतं बोट दाखवून दारात उभं केलं होतं. पुढे तासभर खरं काम चालतं, तेव्हा मात्र हे खुशाल मेथी निवडत बसतात. मी घोडबंदर रोडला एका कंपनीत याच धंद्यात आहे, तरी मला हे खूळच वाटायचं.

परवा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने आधीच धूसर दिसतं. घरात ते एकटेच, म्हणून शनिवारी कीबोर्डवर मला बसवलं. हेडर बसू लागल्या आणि मी मूर्खासारखा ट्रॅफिकच्या गप्पा मारत राहिलो.

"आलं का रे?"

"काय, काका?"

"निनादचं नाव."

निनाद त्यांचा मुलगा. कॉलेजात असताना काविळीने गेला, हे मला माहीत होतं. तेव्हा तो एक गेम लिहायला बसलेला, हे माहीत नव्हतं. त्याची फक्त हेडर फाइल लिहून झाली. तिला त्याने स्वतःचंच नाव दिलं होतं. पुढचा गेम राहूनच गेला. ती फाइल काकांनी आपल्या सिस्टिमच्या सोर्समध्ये घातली. तिचा कशालाच उपयोग नाही. पण दर शनिवारी ती बसते, आणि क्षणभर निनादचं नाव स्क्रीनवरून जातं. एवढ्यासाठी हा सगळा घाट.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बडबडीत ते नाव निघून गेलं होतं.

"परत लावतो, काका."

या वेळी मी एकेक ओळ थांबवून मोठ्याने वाचू लागलो. काका खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. बऱ्याच वेळाने ती ओळ आली. ती मी वाचली.

"निनाद."

"थांब," काका म्हणाले. "पुढचं लगेच वाचू नकोस."