चंचीतलं पिस्तूल

शीळफाट्याच्या वाटेवर कुणाला तरी लुटलं, ही बातमी गुणाजीच्या कानी आली ती त्रेपन्न सालच्या माघात. वैशाखात त्याच्या धाकट्या लेकीचं, शकूचं लग्न ठरलेलं. दागिने कल्याणच्या सोनाराकडे घडत होते आणि घरी आणायचे तर त्याच वाटेनं. एके काळी मिठागरावर राबलेला आणि आता चांगला जमीनदार झालेला गुणाजी म्हणाला, पिस्तूल घ्यायचं.

ठाण्याला खेटे घालून परवाना मिळाला. देणाऱ्या साहेबानं बजावलं, हत्यार मिरवू नका, झाकून बाळगा. घोळ इथंच सुरू झाला. ज्याच्या अंगावर धोतर आणि बंडी यापलीकडे काही नसतं, त्यानं झाकायचं तरी कशाखाली?

मुंबईच्या दुकानात पहिलं पिस्तूल लांबलचक निघालं. कमरेला खोचून उभं राहिलं की झोकदार दिसे. पण गुणाजी खुर्चीवर टेकला आणि नळी अशा जागी रुतली की तो ताडकन उठला (आणि आपल्याला बसायची फारशी आवड नाही, असं दुकानदाराला सांगता झाला). दुसरं बंडीच्या खिशात घातलं, तर बंडी एका अंगाला गुडघ्याकडे निघाली. तिसरं मात्र तळहाताएवढं होतं. गुणाजीनं कमरेची चंची सोडली, पान, सुपारी, चुना सगळं दुकानदाराच्या टेबलावर ओतलं आणि रिकाम्या चंचीत पिस्तूल घातलं. मापानं शिवल्यासारखं बसलं. पैसे टाकून तो खुशीत बाहेर पडला. मागून दुकानदार हाका मारत होता. पान मागत असेल, असं समजून गुणाजीनं वळूनही पाहिलं नाही.

घरी ठमाबाईनं नवऱ्याची युक्ती ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाली, "चंची कवा एका मानसाची झालीय का? कमरंची सुटली की ती गावाची."

ते खरंच होतं. त्या मुलखात दोन माणसं वाटेत भेटली की आधी चंची सुटते, मग तोंड. गुणाजीची मात्र सुटेना. कधी दाढ दुखे, कधी वैद्यानं पान बंद केलेलं असे, एकदा तर गुणाजीनं उपास सांगितला, आणि तोही हाताला कोळंबीचा वास येत असताना. कमरेला टरारून फुगलेली चंची साऱ्या गावाला दिसतच होती. जमीन आली तशी गुणाजीची मूठ आवळली, असं लोक म्हणू लागले. ते व्याही काळुराम यांच्या कानापर्यंत गेलं. त्यांचा निरोप आला: ज्याला पान देववत नाही, तो लेक काय देणार? दागिने घेऊन याल तेव्हा फाट्यावर बसतो, काय ते तिथंच ठरवू.

गुणाजीला अन्न गोड लागेना. शकूचं कांडण करतानाचं गाणं बंद झालं. पिस्तूल चंचीतून काढावं तर सोन्याला धोका, ठेवावं तर सोयरीक मोडते.

दागिने घेऊन बैलगाडी कल्याणहून निघाली. पुढं चंचीवर हात दाबून गुणाजी, मागं बाजारातली सुकटीची पाटी घेऊन ठमाबाई. फाट्यावर काळुराम चार जाणत्यांसह बसलेलेच होते. त्यांनी तळहात पुढं केला.

"काडा व्याही, चंची काडा."

व्याह्यासमोर पिस्तूल काढलं तर लग्नाच्या जागी पंचनामाच व्हायचा. गुणाजीनं गोंड्याची गाठ सोडली, डोळे मिटले आणि चंची पुढं केली. थोड्या वेळानं अडकित्त्याचा आवाज आला. डोळे उघडून पाहतो तर काळुराम सुपारी कातरत होते. चंचीत पानं होती, चुना होता, लवंगसुद्धा होती.

"एवडं भरून फिरता, आन लोकांना नाय म्हनता?"

गाडीतून ठमाबाई बोलली, "व्याह्यांच्या आदी कोनाला द्यायचं नाय, असा नेम व्हता यांचा."

काळुरामांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून गुणाजीला मिठी मारली आणि वैशाखाचा मुहूर्त पक्का झाला.

गाडी पुढं निघाली तेव्हा गुणाजी म्हणाला, "ठमे, तू नसतीस तं पोरीचा संसार या फाट्यावर मोडला असता. तुजं उपकार मना जलमभर फिटायचं नाय." मग एकदम आठवून त्यानं पिस्तुलाचं विचारलं. ठमाबाईनं सुकट बाजूला सारली. खाली दागिन्यांचं गाठोडं आणि त्यावर, गुणाजीची डुलकी लागली तेव्हा चंचीतून काढून घेतलेलं पिस्तूल.

"चोर झाला तरी सुकटीत हात कोन घालील?"

गुणाजीला हेही पटलं. पण पुरुषासारखं काहीतरी बोलणं भाग होतं. "जपून. गोल्या भरलेल्या हायेत."

"गोल्या तुमी आनल्याच कवा? दुकानवाल्याचं पत्र आलंय दोन म्हयन्यांमागं. शकूनं वाचलं. गोल्यांची डबी तितंच रायलीय."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुमी चंची लावून इतके ऐटीत चाललेलात, जीव झाला नाय माजा." तिनं सुकट पुन्हा वर लोटली. "आन तुमचं पान त्यानं खाल्लं. झ्याक रंगलं, असंबी लिवलंय."